कातरीने कापलेला कागद

रविवारची सकाळ होती. मोठी सून गॅलरीत ओल्या कपड्यांना चिमटे लावत होती आणि खांदा उचलून कानाशी धरलेल्या फोनवर बापाला दटावत होती.

"बाबा, पुन्हा सांगते. माणशी एक वस्तू. आणि सगळं मिळून तुमच्या आठवड्याच्या कमाईच्या वर जायचं नाही."

"हो गं बाई! किती वेळा सांगशील? बहिरा झालोय का मी?"

"गेल्या वर्षी पण हो म्हणालात, आणि उसनवारी करून मिक्सर घेऊन आलात."

"या वर्षी शब्द. तुझ्या आईच्या फोटोसमोर उभा राहून बोलतोय बघ."

बाप बाइंडर. जुनी पुस्तकं शिवायची, पुठ्ठे चढवायचे, कडा कापायच्या, यात त्याचं आयुष्य गेलं. बायको देवाघरी, एकुलती एक लेक सासरी. आणि सासरची रीत अशी, की वर्षअखेरीच्या सुट्टीला सुनेच्या माहेराने घरातल्या प्रत्येकासाठी भेट आणायची. ती दिवाणखान्यात सगळ्यांसमोर उघडायची, आणि कुणाच्या बापाने काय आणलं हे सासूबाईंनी मोठ्याने सांगायचं. आता ऐका मंडळी, हुंडा मागणाऱ्याला निदान कायदा तरी विचारतो. पण हसतहसत, कौतुकाने, 'आमचं काही मागणं नाही हो' म्हणत जे ओरबाडलं जातं, त्याला कोण विचारणार?

दारात नवरा दाढी करत उभा होता. गालावर साबण तसाच.

"आईला मी सांगतो," तो म्हणाला. "कुणीतरी हे थांबवायलाच हवं. यंदा आपण थांबवू."

"आधी तोंड पुसा, मग क्रांती करा," ती हसली. पण त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. आपला माणूस आपल्या बाजूने उभा राहिला, याहून मोठा प्रसाद बाईमाणसाला कुठला?

सुट्टी आली. धाकट्या जावेचे वडील भांड्यांचे व्यापारी, त्यांच्याकडून आदल्या दिवशीच इतकं सामान आलं होतं की दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. दुपारी दारात टॅक्सी थांबली. एरवी चालत येणारा बाइंडर टॅक्सीतून उतरला, आणि त्याच्यामागून उतरली खोकी. एकावर एक.

"मोठीच्या माहेरून!" सासूबाईंचा आवाज चढला. "धाकट्याला कातडी बॅग! मला गालिचा! आणि जावईबापूंना घड्याळ, बघा तरी केवढं!"

नवऱ्याने घड्याळ तिथेच मनगटावर चढवलं. ती भिंतीला टेकून उभी होती. शब्द दिला होता ना बाबांनी? मग ती खाली वाकली आणि जमिनीवर पडलेला वेष्टणाचा कागद तिने उचलला. बोट कडेवरून फिरवलं.

कड वेडीवाकडी होती. कातरीने कापलेली.

भेटी बाप नेहमी स्वतःच बांधायचा, आणि त्याच्या हातून गेलेल्या कागदाची कड अशी कधीच नसायची. त्याच्या मोठ्या कटिंग मशीनखालून कागद निघायचा तो धारदार, सरळ. लहानपणी त्या कडांनी तिची बोटं किती वेळा चिरली होती.

"बाबा, मशीन कुठंय?"

"अं? धार लावायला दिलंय."

"अख्खं मशीन?"

जाऊ फिसकन हसली. बाइंडर टोपीशी चाळा करत राहिला.

"जुनं झालं होतं गं. गिऱ्हाईक मिळालं, देऊन टाकलं."

"आणि काम कशावर करता?"

"बाहेरून कापून आणतो. चाललंय."

"मला शब्द दिलात आणि मशीन विकलंत? कुणी सांगितलं?"

बापाची नजर लेकीवरून घसरली आणि जावयावर जाऊन थांबली.

"अगं, मी फक्त एक फोन केला," नवरा म्हणाला. "धाकट्याच्या सासुरवाडीहून भरपूर येणार हे कळलं होतं. आपलं फिकं पडलं असतं. बोलणी तुलाच बसली असती. तुझ्यासाठीच केलं मी."

"कधी केलात फोन?"

"त्याच रविवारी. संध्याकाळी."

म्हणजे गालावरचा साबण पुरता वाळला नसेल, तोवर.

"जावईबापू म्हणाले, पोरीला ऐकून घ्यावं लागेल," बाप पुटपुटला. "मग मी काय करणार होतो, सांग?"

ती रडली नाही. जमिनीवर बसली आणि एकेक खोकं पुन्हा बांधायला लागली.

"हे काय? उघडलेली वस्तू कुणी परत करतं का?" सासूबाई कडाडल्या. "लोक काय म्हणतील?"

"लोकांनाही मोठ्याने सांगा ना, आई. मोठीच्या बापाने पोटापाण्याचं मशीन विकून तुमच्या पायाखाली गालिचा घातला."

मग दिराने बॅग तिच्यासमोर ठेवली. "वहिनी, मला माहीत नव्हतं," एवढंच म्हणाला. सासूबाई बऱ्याच वेळाने उठल्या आणि गालिच्याची गुंडाळी पायाने तिच्याकडे सरकवली. तोंड भिंतीकडे.

शेवटी तिने नवऱ्यासमोर हात पसरला.

"बाकी सगळं ने," तो हलक्या आवाजात म्हणाला. "एवढं राहू दे ना. ऑफिसात सगळ्यांना सांगून बसलोय."

आणि त्याने शर्टाची बाही घड्याळावर ओढून घेतली.

ती क्षणभर त्या बाहीकडे बघत राहिली. बापाने विकलं होतं ते तिच्या मायेपोटी. याने आपला शब्द विकला, तो कशापोटी?

"ठेवा," ती म्हणाली. "बाबा, चला. आधी दुकानदार, मग तुमचं ते गिऱ्हाईक. घड्याळापुरती तूट मी फेडेन, पण मशीन घरी आणल्याशिवाय मी या दारात पाय ठेवणार नाही. आणि यापुढे तुम्ही या घरी याल ते रिकाम्या हातांनी, माझे बाबा म्हणून."

बापलेक खोकी उचलून जिना उतरली. वरून कुणी हाक मारली नाही.

मंडळी, ती परत आली का, हे मला विचारू नका. देवाच्या दारात देणाऱ्याची वस्तू कुणी मोजत नाही, हे तुम्ही-आम्ही टाळ्या वाजवून ऐकतो आणि घरी येऊन खोकी मोजतो. यंदा तुमच्या सुनेचा बाप ओझं घेऊन दारात आला, तर 'काय आणलंत?' असं विचारू नका. 'काय विकून आणलंत?' असं विचारा. आणि तो उत्तर देईपर्यंत त्याच्या डोळ्यांत बघत राहा.