सिमेंटातलं अंजिराचं पान

टेलरबाईंनी उभ्या जन्मात दोन गिऱ्हाइकांचं कापड एका गाठोड्यात बांधलं नव्हतं. त्यांच्या धाकट्या भावाने मात्र नेमकं तेच केलं, आणि तेही स्वतःची नर्सरी असताना. आईबाबांचं जुनं घर विकल्यावर नव्या मालकाने परसातलं बाबांचं अंजीर तोडायला काढलं. भावाने धावत जाऊन काड्या छाटून आणल्या आणि चहा पिऊन येईपर्यंत म्हणून त्या बाजारी अंजिराच्या काड्यांबरोबर एकाच बादलीत भिजत घातल्या. साल बघून ओळखू, असा त्याचा तोरा होता. भिजल्यावर सगळ्याच सारख्या दिसायला लागल्या, तेव्हा साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं.

त्यातली एकच काडी जगली. ती आता टेलरबाईंच्या दुकानात, मशीनमागच्या खिडकीत कुंडीत उभी होती. बाबांच्या झाडाची की बाजारातली, हे कुणालाच सांगता येईना. बाबांच्या अंजिराच्या जातीला तर नावही नव्हतं. बाबांनी ते कुठूनसं आणलं होतं, आणि फळ दाखवलं की प्रत्येक जाणकार वेगळंच नाव ठोकून द्यायचा. फोटो होते, पण त्यांत झाड म्हणजे माणसांमागचा हिरवा डाग.

बाबा गेल्यापासून आईचं कशातच मन नव्हतं. नव्या घरापुढे बाबांचं अंजीर लावायचं, एवढी एकच गोष्ट तिने मागितली होती, आणि तीही अट घालून. दारापुढे एकाच झाडापुरती माती आहे. ह्यांचं असेल तर लावा, नसेल तर मला खोटी समजूत नको. वाट कशी काढायची तेही तिनेच सुचवलं. जुन्या घरी धुण्याच्या ओट्यावर त्याचं पान उमटलंय, ते बघून या, म्हणाली.

परसाचं आता गॅरेज झालं होतं. मेकॅनिकने ऑइलचे डबे सरकवले, साबणाची पूड टाकून ओटा घासून दिला, आणि काळ्या मळीखालून पान वर आलं. पाच बोटांचं. मधलं बोट बुडाशी निमुळतं आणि टोकाला पसरट, देठाशी दोन इवलाली टोकं. शेजारी एक खळगा होता, तो सिमेंटचा टवका उडालाय असं समजून टेलरबाईंनी सोडून दिला. खाकी कागदावर पानाचा खाका उतरवून त्या परतल्या.

कुंडीतली पहिली पानं उघडली ती सरळ गोल. बोट नाही, काही नाही. भावाने खाका वर धरला, खाली धरला आणि मान हलवली. बाजारातलंच आहे, आईला सांगून टाकू, म्हणाला. आईसमोर उभं राहून हे सांगायची कल्पनाही टेलरबाईंना सोसेना.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "तान्ह्या पोराच्या झबल्याला कंबर असते का? वाढू दे."

भाऊ हसला, पण कुंडी उचलली नाही.

पुढचं पानही गोल आलं. त्याच्या पुढच्याला कडेला जराशी खाच पडल्यासारखी वाटली, आणि टेलरबाईंनी ती डोळ्यांचा खेळ म्हणून सोडली. मग एका सकाळी बाही जोडता जोडता त्यांनी सहज वर पाहिलं आणि पायाखालचं मशीन थांबलं.

शेंड्याचं नवं पान उलगडलं होतं. तळहाताएवढंही नव्हतं, पण पाच बोटं होती, मधलं बुडाशी निमुळतं आणि टोकाला पसरट. देठाशी दोन इवलाली टोकं. आयुष्यभर त्यांनी मापं घेतली, खाके कापले, आणि तरीही बाही कधी आखूड व्हायची. ही वीतभर काडी, जिचं झाडच आता जगात नाही, तिला कुणी माप दिलं होतं? तिने आपल्या आतूनच काढलं होतं ते, आणि रेघही चुकली नव्हती. त्या हात जोडून कितीतरी वेळ तशाच बसल्या. गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं तरी त्यांना कळलं नाही.

आई म्हणाली, मला ओट्यापाशी न्या. गाडी करून तिघं गेली, कुंडी आईच्या मांडीवर. मेकॅनिकने स्टूल दिलं. टेलरबाईंनी ते कोवळं पान वाकवून सिमेंटातल्या मोठ्या पानावर धरलं. आईच्या पोटात लेक असावी तसं ते त्यात मावलं.

आईला नीट दिसत नव्हतं. तिने बोटाने आधी नवं पान चाचपलं, मग सिमेंटातलं. तिचा हात शेजारच्या खळग्यापाशी आला आणि तिने त्यात आपला अंगठा ठेवला.

"हे पान पडलं नव्हतं," ती म्हणाली. "ओटा ओला असताना ह्यांनी ठेवलं होतं. दाबताना अंगठा उमटला, तर मी म्हटलं, पुसून टाका. म्हणाले, राहू दे, कोणाचं ते कळायला."

अंगठा तिने बराच वेळ काढला नाही. मग कुंडी सावरून घेत भावाला म्हणाली, "घरी चल. खड्डा खोल घे."