पाण्याच्या सणातले गार पाय

मित्रांनो, मी म्हशीच्या शिंगाची जुनी फणी आहे आणि या वयातही माझे सगळे दात शाबूत आहेत. मंडालेच्या एका कारागिराने मला घासून असे काही चकाकवले, की जत्रेत पहिल्याच दिवशी सान यीने मला उचलले. तेव्हा ती नवी नवरी होती. केस पोटऱ्यांपर्यंत! वरून खाली उतरताना मी दमून जाई. बायका तिच्या अंबाड्याकडे बघत आणि मी उगाच फुगून बसे.

पुढे तिने बाजारात मुरवलेल्या चहाच्या पानांचे दुकान टाकले. दिवसभर मांडी घालून बसायचे, दोन घास भात खायचा आणि त्यावर चार पेले कडक चहा. पंचेचाळिशी उलटली आणि माझ्या दातांत केसांचे पुंजके राहू लागले. अंबाड्यात गंगावन घालायची वेळ आली. तिची नणंद त्विन मोठी फटकळ. ती माझ्यावरच घसरली.

"वहिनी, ही फणीच अवलक्षणी! फेकून दे नदीत."

"राहू दे गं. वय झालं की पानगळ व्हायचीच."

चोर सोडून संन्याशाला सुळी! मला फार वाईट वाटले.

मग एप्रिलमधला पाण्याचा सण आला. नववर्षाच्या दिवशी आमच्याकडे तरुण मुले वडीलधाऱ्यांची डोकी शिकेकाईने धुतात, त्यांची नखे कापतात. मठाच्या मांडवात ढोल, हशा आणि पाणीच पाणी. सान यी मात्र मोजे घालून कोपऱ्यात बसली होती. डोक्याला हात लावू देईना. सगळ्यांसमोर केस हातात आले तर?

तिची लेक नांदार मला हातात घेऊन आली. "बरं, डोकं राहू दे. नखं तरी कापू दे, अमे." आमच्याकडे आईला 'अमे' म्हणतात.

मोजे काढताच नांदार दचकली. "अगं, बाहेर डांबर वितळतंय आणि तुझे पाय एवढे गार!"

शेजारी निवृत्त नर्सबाई डोके धुऊन घेत होत्या. त्या तशाच उठल्या. फेस नाकावर ओघळत होता. त्यांनी सान यीची खालची पापणी ओढून पाहिली.

"पांढरीफटक! पाळी किती दिवस चालते गं?"

सान यी कुजबुजली, "दहा-बारा. या वयात चालायचंच ना?"

"चालायचं नाही, तपासायचं! अंगात रक्त नाही आणि जेवणावर चहा ढोसतेस. अन्नातलं लोह अंगी लागणार कसं आणि केस टिकणार कसे? थायरॉईडही बघून घे."

बाजूला उभ्या त्विनचा चेहरा पडला. "म्हणजे दोष फणीचा नाही?"

"फणीचा? तुझ्या अकलेचा!"

अख्खा मांडव हसला. सर्वांत जास्त मी हसले.

तपासणीत रक्त खरेच फार कमी निघाले. डॉक्टरांनी रक्तस्रावावर उपचार केले, लोहाच्या गोळ्या दिल्या. चहा जेवणापासून दूर गेला आणि ताटात मासे, पालेभाजी आली. आधी पाय उबदार झाले. केसांनी मात्र महिनोन्महिने वाट पाहायला लावली. एका सकाळी तिच्या कपाळावर बोटभर नवे केस ताठ उभे दिसले. मी कितीदा दाबले, तरी ते बसेनात! कुणी माझे ऐकले नाही म्हणून मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

अंबाडा अजून लहानच आहे, पण सगळा तिचा स्वतःचा आहे. मित्रांनो, आईचे केस गळू लागले तर फणी बदलत बसू नका. तिच्या पायांना हात लावा. नमस्कारासाठी तर लावताच, पण ते गार नाहीत ना, एवढेही एकदा पाहा.