आधी कोण सोडणार

काडेपेटीनं हेडबाईंच्या माउसच्या पोटाला चिकटपट्टी लावली, माउस होता तसा ठेवला आणि आपल्या खुर्चीत येऊन बसला, देवाघरचं लेकरू बसावं तसा. खरं तर आज गंमत करायचा मूड नव्हता. पण हाताला काहीतरी उद्योग पाहिजे होता, नाहीतर त्यानं नखं मुळापर्यंत खाल्ली असती.

हेडबाई आल्या. पर्स ड्रॉवरमध्ये टाकली, लांबचा चष्मा काढून जवळचा लावला, माउस हलवला. स्क्रीनवरचा बाण ढिम्म. त्यांनी खाली बघितलंसुद्धा नाही. माउस उलटा केला, पट्टी सोलली आणि काडेपेटीच्या कॉफीच्या मगवर नेऊन चिकटवली.

"वय काय तुझं?"

"घोड्याएवढं, बाई."

"घोडे कामं करतात," त्या म्हणाल्या आणि आपल्या स्क्रीनकडे वळल्या.

ऑफिसात त्याला काडेपेटी म्हणत, कारण दिवसाकाठी एखादी काडी लावल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. आणि त्यांना हेडबाई, कारण त्या नुसत्या मागं येऊन उभ्या राहिल्या तरी माणूस खुर्चीत ताठ व्हायचा. शहरातल्या अॅम्ब्युलन्स कुठं आहेत, कुठली कुठं पाठवायची, हे सांगणारा प्रोग्रॅम या दोघांनी लिहिला होता, दोघांचे केस काळे होते तेव्हा. आता बाईंचे पिकले होते, त्याचे गेले होते, आणि प्रोग्रॅम फुगत चालला होता.

फुगत म्हणजे अगदी पोट सुटल्यासारखा. सकाळी सडपातळ असायचा, दुपारपर्यंत मेमरी खाऊन खाऊन जागचा हलेनासा व्हायचा. मग रोज जेवणाच्या सुट्टीत तो बंद करून परत चालू करावा लागे. तेवढा वेळ खाली कंट्रोल रूममध्ये सगळे स्क्रीन काळे. मुली फोन मानेत धरून पांढऱ्या फळ्यावर पत्ते लिहायच्या. ही बंद-चालूची विद्या या दोघांशिवाय कुणाला येत नव्हती, म्हणून साहेबांनी नियमच करून टाकला होता: दोघांपैकी एकजण कायम हजर पाहिजे. बाईंचं रिटायरमेंटचं वय कधीच उलटून गेलं होतं. त्यांना ठेवलं होतं ते या बंद-चालूसाठीच, आणि साहेब हे चारचौघांत बोलूनही दाखवायचे.

काडेपेटीचा पाय टेबलाखाली शिलाई मशीनसारखा चालला होता. फोन पालथा ठेवला होता, तो दर थोड्या वेळानं उलटा करून बघायचा आणि परत पालथा घालायचा. बायकोनं दुसऱ्या गावात घर बघितलं होतं. खाली तिचं फिजिओथेरपीचं दुकान, वर राहायची जागा. घरमालक आज संध्याकाळपर्यंतच थांबणार होता. सकाळी ती फोनवर भांडली नाही, तेच वाईट होतं. नुसतं म्हणाली, हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण 'बघू' म्हणू नकोस.

आणि कालचं ते वेगळंच. काल प्रोग्रॅम बंद असताना फळ्यावरचा एक पत्ता कुणाच्या तरी बाहीनं अर्धा पुसला गेला. गाडी भलत्याच गल्लीत फिरत राहिली आणि एक म्हातारा छाती धरून जिन्यात बसून राहिला. वाचला. कंट्रोल रूमची मोठी ताई ते सांगायला स्वतः वर आली होती. वाचला बरं का, म्हणाली आणि चहाला नको म्हणून खाली गेली. एरवी ती काडेपेटीच्या दोन काड्या ऐकल्याशिवाय जायची नाही.

रोग काय आहे हे काडेपेटीला ठाऊक होतं. कित्येक महिने ठाऊक होतं.

मेमरीतल्या वस्तूचा कारभार साधा असतो. जो तिला धरेल त्यानं तिचा आकडा एकानं वाढवायचा, सोडताना एकानं उतरवायचा. शंभर हात एकदम पडले तरी या मोजणीत घुसाघुशी चालत नाही, एकाचं पुरतं झाल्यावर दुसऱ्याचं. आणि शेवटी सोडणाऱ्यानं वस्तू टाकून द्यायची, खोलीतून शेवटी निघणाऱ्यानं दिवा घालवावा तशी. यांच्या प्रोग्रॅममध्ये व्हायचं असं की कुणी मदतीसाठी फोन केला की एक कॉल तयार व्हायचा, त्याच्यासाठी गाडीची एक फेरी तयार व्हायची, आणि दोघं एकमेकांना धरायचे. पेशंट दवाखान्यात पोचला, बाकी सगळ्यांनी हात काढून घेतले, तरी ही दोघं घट्ट. कॉल म्हणतो, फेरीनं सोडलं की मी निघतो. फेरी म्हणते, आधी कॉलनं सोडू दे. कुणालाच नको असलेली अशी जोडपी दिवे लावून बसून राहायची, आणि दुपारपर्यंत सगळी इमारत त्यांनीच भरायची.

इलाज काय, तर एकानं पकड ढिली करायची. याला वीक पॉइंटर म्हणतात: ओळख ठेवायची, पण आकड्यात धरायचं नाही. बदल चार-दोन ओळींचा. त्यानं तो केला होता, तपासला होता आणि आपल्याच मशीनमध्ये दडवून ठेवला होता. प्रोग्रॅम बरा झाला की बंद-चालू संपलं. ते संपलं की साहेब बाईंच्या हातात पुष्पगुच्छ देणार, गहिवरून भाषण करणार आणि त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला जाणार. आणि बाईंच्या घरी वाट बघणारं कोण, तर एक फ्रिज.

पण जिन्यातला म्हातारा डोळ्यांपुढून हलेना. त्यानं फोन पालथा घातला, पदर खोचून बायका भांडायला उठतात तसा खुर्चीत सरसावला आणि तो बदल पाठवून दिला.

पाठवून दिला म्हणजे बाईंकडे. एकानं केलेलं दुसऱ्यानं वाचायचं आणि मंजूर केलं तरच ते आत जायचं, अशी त्यांची पहिल्यापासूनची पद्धत होती. बाईंनी ते उघडलं. वाचायला लागल्या. काडेपेटी उठून पाणी पिऊन आला. बाई वाचतच होत्या. तो खिडकीची जाळी बघून आला. चार ओळी वाचायला एवढा वेळ लागत नाही.

"फेरीची पकड ढिली केलीस," शेवटी त्या म्हणाल्या. "बरोबर आहे."

"हां."

"पण कॉल मधेच रद्द झाला आणि फेरीनं त्याला हाक मारली, तर? हाताला हवा लागेल आणि प्रोग्रॅम तोंडावर आपटेल. मी पण पहिल्यांदा तिथंच आपटले."

काडेपेटीचा पाय थांबला.

"पहिल्यांदा म्हणजे?"

बाईंनी चष्मा काढला आणि रुमालानं पुसायला लागल्या. चष्मा स्वच्छच होता.

मग हळूहळू बाहेर आलं. बाईंनीही तो बदल केला होता, त्याच्या कितीतरी आधी. करून, तपासून, दडवून ठेवला होता. तू पन्नाशीला टेकलास, त्या म्हणाल्या. जन्मभर हा एकच प्रोग्रॅम केलास. हे बंद-चालू संपलं तर साहेब तुला कशाला ठेवतील, आणि दुसरीकडे कोण घेईल, वर हे असं तोंड. त्या हे सगळं स्क्रीनकडे बघूनच बोलत होत्या.

"बाई, मी तुमच्यासाठी दडवलं होतं."

"माझ्यासाठी?"

"नाहीतर तुम्हाला घरी पाठवलं असतं."

"मूर्ख आहेस."

"शिकवलं कुणी?"

त्याला हसू फुटलं. बाईंच्याही ओठांचा एक कोपरा हलला, आणि तिथंच राहिला.

"आणि तो माणूस जिन्यात बसला होता," त्या म्हणाल्या.

काडेपेटीनं मगवरची चिकटपट्टी नखानं सोलायला घेतली.

तरी मंजुरीचं बटण तसंच होतं. बाईंनी त्याच्यावर बाण नेला आणि हात काढून घेतला. त्यांचं म्हणणं, आधी त्यानं साहेबांकडून आपली सोय पक्की करून घ्यावी, मग त्या मंजूर करतील. त्याचं म्हणणं, आधी बाईंचं काय ते ठरू दे, त्याचं तो बघून घेईल. त्या म्हणाल्या, माझं काय ठरायचंय, माझं झालंय. तो म्हणाला, झालंय म्हणून तर. आवाज चढले. शेजारच्या टेबलावरच्या एकानं कानातले इअरफोन काढून ठेवले आणि भक्तिभावानं ऐकायला लागला.

"तुझ्या बायकोला काय तोंड दाखवू मी?" बाई म्हणाल्या. "आधीच ती रोज तुला लाटणं दाखवते म्हणतोस."

काडेपेटीनं फोन उलटा केला, बघितला, परत पालथा घातला.

"ती इथं नसतेच, बाई. तिकडं जाऊन वर्ष होत आलं."

"लाटणं?"

"ते मी रचून सांगायचो."

"आणि डबा?"

"मीच करतो. परवा तुम्ही बायकोच्या हाताला चव आहे म्हणालात, ती भाजी माझी होती."

मग त्यानं घराचं सांगितलं, संध्याकाळचं सांगितलं, 'बघू' म्हणायचं नाही हेही सांगितलं. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच बाईंशी एवढं सलग बोलत होता, मधे एकही टवाळी न करता. शेजारच्यानं गपचूप इअरफोन परत घातले.

बाईंनी त्याचा कीबोर्ड त्याच्यापुढं सरकवला.

"ती हवेची सोय कर आधी."

त्यानं केली. कॉल हाताला लागला नाही तर फेरीनं काय करायचं, ते लिहिलं. बाईंनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि मंजूर केलं. बटण दाबताना डोळ्याची पापणीसुद्धा लवली नाही.

नवा प्रोग्रॅम चढवायचा तर जुना एकदा बंद करणं आलंच. ते बाईंवर सोपवून काडेपेटी खाली गेला. मोठ्या ताईच्या हातातला मार्कर त्यानं मागून घेतला आणि स्क्रीन काळे असेपर्यंत स्वतः फळ्याजवळ उभा राहिला. मुलींनी सांगितलेला प्रत्येक पत्ता मोठ्या अक्षरात लिहायचा, परत वाचून दाखवायचा. शर्टाच्या बाह्या त्यानं कोपरापर्यंत वर सारल्या होत्या. मुलींना वाटलं ही काहीतरी नवीन थट्टा आहे, एकदोघी हसल्याही. मग त्याचा चेहरा बघून गप्प झाल्या. स्क्रीन उजळले तेव्हा त्यानं मार्करला टोपण लावलं.

"दुपारी परत बंद करायचंच ना?" ताईनं विचारलं.

"दुपारी नाही. उद्या पण नाही."

"म्हणजे बरा झाला?"

"झाला."

"मग आधी का नाही केलात रे?"

काडेपेटी मार्कर फळ्याच्या पट्टीवर ठेवून वर निघून गेला.

दुपार झाली. जेवणाच्या सुट्टीत दोघं सवयीनं एकदमच उठले, आणि उठल्यावर काय करायचं ते कळेना. स्क्रीनवर मेमरीची रेघ होती. रोज या वेळेला ती जिना चढल्यासारखी वर गेलेली असायची. आज आडवी पडून होती, जेवून झोपलेल्या माणसासारखी. दोघं तिच्याकडे बघत उभे राहिले. कॉल येत होते, गाड्या निघत होत्या, पोचत होत्या, आणि मागं काही उरत नव्हतं.

साहेब येऊन रेघ बघून गेले. शाब्बास म्हणाले. मग बाईंकडे बघून म्हणाले, तुमच्याशी जरा बोलायचंय, घाई नाही, या आठवड्यात कधीतरी. बाई म्हणाल्या, मलाही बोलायचंय, आणि मला घाई आहे.

साहेब गेल्यावर त्या खुर्चीत बसल्या. हात मांडीवर. एरवी त्यांचे हात कधी मांडीवर नसायचे.

"दुपारी लोक घरी काय करतात रे?" त्या म्हणाल्या. "विचारायला पाहिजे कुणाला तरी."

काडेपेटी उगाच उठला, आपला मग धुऊन आला, धुतलेला मग परत धुवायला नेला. येऊन बघतो तर बाई जागेवर नव्हत्या. त्या जिन्याजवळ पाठमोऱ्या उभ्या होत्या, फोन कानाला, आणि मोकळा हात वर्गात पट्टी आपटावी तसा हवेत हलत होता. नंतर येऊन बसल्या आणि त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, संध्याकाळ व्हायला आली.

तो फोन घेऊन गॅलरीत गेला. 'हो' लिहायचं होतं. दोनदा लिहून खोडलं. तेवढ्यात बायकोचाच मेसेज आला.

"तुझ्या हेडबाईंचा फोन होता. आधी तुला मनसोक्त शिव्या घातल्या. मग विचारलं, तिकडं एका बाईपुरती खोली भाड्यानं मिळेल का. या घराला वर एक जास्तीची आहे. मला त्यांचं कळत नाही, थट्टा की खरं. त्यांना हो सांगू का? आणि तुझं हो की नाही? मालक समोर बसलाय."

काडेपेटीनं ते परत वाचलं. मग काचेतून आत बघितलं. आख्खी नोकरी त्यानं या बाईंच्या खोड्या काढण्यात घालवली होती, आणि बाईंनी एकदाही उलट खोडी काढली नव्हती. आत बाई सरळ पाठीनं बसल्या होत्या, समोर आडवी रेघ, चेहरा पेपर तपासताना असतो तसा. हसत होत्या की काय, ते एवढ्या लांबून दिसत नव्हतं.

त्यानं 'हो' लिहिलं आणि पाठवून दिलं.

हो कुठल्याला, त्यांच्या खोलीला की तुझ्या येण्याला, असं बायकोनं लगेच विचारलं. काडेपेटी अजून काचेला नाक लावून उभा होता.