सांगतच होते

मी आतडं बोलतंय. हो, पोटातलं. माझा आवाज चढलेला वाटेल. वर्षानुवर्षं कुणी ऐकलं नाही की तो चढतोच.

माझी मालकीण बेकरीत पीठ मळते. ती जन्मली तेव्हापासूनच पोटात, पाठीच्या बाजूला, एक चोरकप्पा राहून गेला होता. बाहेरून ना गाठ, ना फुगवटा. ती पोटभर जेवली की माझी वेटोळी त्या कप्प्यात सरकायची आणि जीव घुसमटायचा. मग ती गुडघे पोटाशी घेऊन पडायची, तेव्हा कुठे मी सुटायचं. आणि मी सुटल्यावर तिला डॉक्टरकडे न्यायचे.

"गॅस आहे," घराजवळचे डॉक्टर म्हणाले. मोठ्या डॉक्टरांनी घशातून दुर्बीण घातली. "काही नाही. मनाला फार लावून घेता का?" सासूबाईंचं ठरलेलं, "कामाची वेळ झाली की हिचं पोट दुखतं." नवरा मुकाट गोळ्या आणत राहिला. ती अर्धपोटी राहू लागली. मी नुसतं धुमसत होतं.

एका दुपारी ती पीठ मळता मळताच कोसळली. थोरल्या बहिणीनं तिला दवाखान्यात नेलं.

"इंजेक्शन देतो. थांबलं की घरी न्या," तिथला डॉक्टर म्हणाला.

"थांबल्यावर काय तपासणार? आत्ता दुखतंय, आत्ताच स्कॅन काढा," बहीण जागची हलेना.

स्कॅनच्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर मला पाहिलं आणि थेट सर्जनला फोन लावला. "आतल्या आत हर्निया आहे. आतडं डावीकडे पिशवीत कोंबल्यासारखं दिसतंय. पिशवीच्या तोंडाशीच मोठी शीर आहे, तिला जपा."

"खात्री आहे?"

"आतडं काळं पडलं की तुमचीही होईल."

आधी कळलं म्हणून सर्जननं ती शीर वाचवली, मला अलगद बाहेर काढलं, कप्पा शिवून टाकला. पण माझा एक तुकडा काळा पडला होता. तो कापावा लागला. त्याबद्दल मी कुणालाही माफ केलेलं नाही.

भेटायला आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "एवढं दुखत होतं तर सांगायचं नाही का?"

"सांगतच होते," ती म्हणाली, आणि भिंतीकडे वळली.

लोकहो, माणूस कळवळतोय तेव्हाच त्याला तपासा. शांत झालेलं पोट काही सांगत नसतं.

आता ती पोटभर जेवू शकते. मी धडधाकट आहे. तरी शेवटचा घास गिळला की पोटावर हात ठेवून, श्वास रोखून ती वाट बघते. तिची ही भीती कुठल्या टाक्यानं शिवणार, ते सांगा.