आदर्श गोठ्यातली गोचीड

मुरगूडजवळच्या आकारामच्या गोठ्यावर गावच्या दूध संस्थेनं ‘आदर्श गोठा’ अशी पाटी लावली, तेव्हापासून तिथं गोचीड होणं बंद झालं. म्हणजे गोचिडी होत्या. आकारामनं फक्त त्यांची मान्यता काढून घेतली होती.

त्याची हरणी गाय तापानं फणफणली, चारा सोडला. डॉक्टरीणबाई येणार म्हणून आकारामनं तिला साबण लावून धुतली, शिंगांना तेल चोळलं. पावण्यांपुढं जनावर घाण दिसू नये, ही घरची रीत. हरणी नवरीसारखी सजून थरथरत उभी राहिली.

“अंगावर गोचीड हाय काय?” डॉक्टर प्रियदर्शनीनं विचारलं.

“म्याडम, पाटी बघितलासा न्हवं?”

“ताप पाटीला न्हाय आलेला.”

पण अंगावर काहीच सापडेना. तिनं साध्या तापाचं इंजेक्शन दिलं आणि गेली.

दुसऱ्या दिवशी हरणी बसली ती उठेना. प्रियदर्शनीनं डोळ्याची पापणी ओढून पाहिली. आत लाली नावाला नव्हती. खांद्यापुढची गाठ पेरूएवढी झालेली.

“कानातनं थेंबभर रक्त घेते. काचेवर पसरून बघायला पायजे. गोचिडीनं येणारे जंतू असतील.”

“मग आमच्यात कुठनं येत्यात? रक्त काढू नगासा. गावात कळलं तर पाटी जाईल.”

आकारामची आई चिमणाबाई घरात गेली आणि एक डबा घेऊन आली. आत रॉकेलमध्ये टम्म फुगलेल्या गोचिडी.

“तुमी यायच्या आधी ह्यानं माझ्याकडनं येचून घेतल्या, बाई.” मग लेकाकडं वळून म्हणाली, “आता ठेव ती पाटी गाईच्या उशाला.”

आकाराम जमिनीकडं बघत म्हणाला, “घ्या रक्त.”

दवाखान्यातल्या सूक्ष्मदर्शकाखाली रक्तातले जंतू दिसले. संध्याकाळी प्रियदर्शनी त्यावरचं औषध घेऊन परत आली.

“वाचंल न्हवं?”

“काल कळलं असतं तर व्हय म्हटलं असतं. आता रक्तच लई कमी झालंय.” तिनं सुई टोचली. “वासरू कुठाय?”

“त्याला काय बी...”

चिमणाबाईनं डब्याचं झाकण वाजवलं.

आकारामनं वासराला उजेडात ओढून आणलं, आणि त्याचा कान स्वतःच उलटा करून धरला. आत गोचिडीच गोचिडी.

“मोजू नगासा, म्याडम,” तो म्हणाला. “रक्त घ्या.”