मंगळम झाल्याशिवाय उठायचं नाही

मी चिपळी बोलतेय. तुकडे दोन, पण जीव एकच, म्हणून एकटीच बोलते. तंजावरात मला चिप्ळाकट्टै म्हणतात. नाव काहीही ठेवा, हातात धरलीत की मी गप्प बसत नाही.

वीणा कोरून उरलेल्या फणसाच्या लाकडातून रंगरावांच्या आजोबांनी मला घडवून घेतलं. उरलेलं लाकूड म्हणून कुणी हिणवलं तर मला भारी राग येतो. वीणेला मांडी लागते, बैठक लागते. मी उभ्या माणसाच्या हातात रात्रभर नाचते.

रंगराव भागवतर, म्हणजे हरिकथा सांगणारे. घर मराठी, कथा मात्र तमिळमध्ये. मध्येच एखादा अभंग. त्यांना एकच मुलगी, कामाक्षी. मुलगा नाही म्हणून मला तिच्या हाती दिलं, असं लोक म्हणतात. साफ खोटं! तिचा ताल पक्का होता, म्हणून दिलं. देताना रंगरावांनी बजावलं होतं, "कथा धरली कीं शेवटचं मंगळम म्हटल्याशिवाय सोडायची नाहीं. अर्धी टाकलेली कथा सांगणाऱ्याला बाधते, पोरी."

पुढे तिची आई गेली. त्या दुःखात कामाक्षी शेजारणीबरोबर चर्चमध्ये बसू लागली आणि एक दिवस बाप्तिस्मा घेऊन घरी आली. रंगराव ओरडले नाहीत. फक्त त्या दिवसापासून तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. ती तिरुवैयारूला गाणं शिकवायची, तिथेच खोली घेऊन राहिली. मी तिच्या पिशवीत होते. त्यांनी पाहिलं, पण परत मागितलं नाही.

खरं सांगू? मलाही ते रुचलं नव्हतं. रामाच्या नावावर पोसलेलं लाकूड मी. तिने येशूची पहिली कथा सांगितली तेव्हा मी मुद्दाम फुटक्यासारखी वाजले. पण हात तोच, ताल तोच. लाकडाने तरी किती दिवस रुसायचं!

तिची आवडती कथा पौल आणि सीला यांची. येशूचं नाव सांगत परक्या मुलखात फिरणारे ते अगदी सुरुवातीचे लोक. एका शहरात त्यांना फटके मारले, पाय खोड्यात अडकवले, आणि हे दोघे कोठडीत बसून गाऊ लागले. त्या गाण्याच्या जागी ती मला जीव तोडून वाजवायची.

गेल्या वर्षी हीच कथा ती पापनाशमच्या पुढच्या एका गावात सांगायला गेली. कालव्याकाठी ख्रिस्ती माणसांची चार घरं, त्यांच्यापुढे नारळांखाली अंगण. पूर्वी कुणी तिथे अशी कथा सांगितली नव्हती. संध्याकाळी मी वाजू लागले आणि घोटाळा झाला. त्याच गावात रंगराव दर रामनवमीला कथा करायचे. चिपळी ऐकली की तिथल्या म्हाताऱ्यांना रामच आठवतो. भराभर येऊन त्या पुढे बसल्या, एकीने तर तुळशीचा हार आणला.

कामाक्षीने लगेच हात जोडले. "अम्मा, ही रामाची कथा नाही. येशूच्या माणसांची आहे."

काही उठल्या. काही बसून राहिल्या. हारवाली हार हातात धरून नुसतीच बघत राहिली.

तेवढ्यात सूर्यनारायण आला. गावच्या देवळाचा कारभार त्याच्याकडे. मागे दहा-पंधरा माणसं. "आवाज रामाचा आणि कथा दुसऱ्याची! ही फसवणूक नाही तर काय?" तो गरजला. त्याच्या बोलण्यात काहीच तथ्य नव्हतं, असं मी म्हणणार नाही. "तुझ्या अप्पांना फोन केलाय. निघालेत ते. तेच तुला घेऊन जातील."

अप्पांचं नाव निघताच आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या हातात ताल चुकले. पण ती थांबली नाही. कुणीतरी माइकची वायर उपटली. ती तशीच सांगत राहिली. पौल आणि सीला कोठडीत आले, खोडे लागले, आणि मागून एक करवंटी सणसणत आली ती तिच्या ओठावर. मी उडून चिखलात पडले.

"कोणी मारलं?" सूर्यनारायणच दचकून ओरडला. "ओढा हिला, बसमध्ये घाला," मागून आवाज आला. माणसं जवळ जवळ सरकू लागली. कामाक्षीचा ओठ फाटला होता. ती रडत नव्हती, खाली बसून मला चाचपत होती. मी हाताच्या अंतरावर होते आणि मला सरकता येत नव्हतं. इतकी भीती मला कधी वाटली नाही.

बस थांबली. रंगराव उतरले. सत्तरीचा माणूस, धापा टाकत आला. गर्दीने वाट दिली. "घ्या भागवतर, तुमची मुलगी सांभाळा."

त्यांनी आधी मला उचललं, उपरण्याने पुसलं. वाटलं, आता घरी. पण ते तिच्याकडे वळले. "कथा कुठवर आली?"

"कोठडींत, अप्पा."

"मंगळम?"

तिने नकारार्थी मान हलवली. रंगराव सूर्यनारायणाला म्हणाले, "बसा."

"काय?"

"कथा धरलेली आहे. मंगळम झाल्याशिवाय उठायचं नाही. माझ्या कथेतून कधी उठलात?"

"पण ही तुमची कथा नाही!"

"नाही. देवही माझा नाही. पोर माझी आहे. अर्धी कथा तिला बाधेल. ती पुरी होऊ दे, मग काय भांडायचं ते भांडू."

सूर्यनारायणाने मागच्या माणसांकडे पाहिलं. मग धोतर सावरून खाली बसला. तो बसल्यावर बाकीच्यांना हात उचलवेना.

रंगरावांनी मला वाजवायला घेतलं. कामाक्षीने सुजल्या तोंडाने कोठडी कशीबशी पुरी केली. मग त्यांनी घरातलं जुनं मंगळम उचललं. त्यात देवाचं नाव यायची जागा आहे. त्या जागी रंगरावांनी ओठ घट्ट मिटले. नुसती मी वाजत राहिले. त्या मोकळ्या जागेत, रक्ताळलेल्या तोंडाने, तिने "येशू" म्हटलं. बापाने ताल सोडला नाही.

मंगळम संपलं. भांडण कुणालाच सुचलं नाही. रंगरावांनी मला आपल्या पिशवीत टाकलं आणि बसकडे चालू लागले. ती मागून, अंतर राखून. तंजावरात उतरून दोघं दोन दिशांना गेली, न बोलता.

त्यानंतरच्या रामनवमीला गावाने दुसरा भागवतर बोलावला.

आता माझं असं चाललंय. कामाक्षीची कुठे कथा असली की शेजारी निरोप येतो. त्या सकाळी रंगराव मला तेल लावतात, बाहेर तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, ठेवतात, आत जातात आणि दार लावतात. ती येते, मला उचलते. संध्याकाळी परत ठेवून जाते. दोघांचे हात मला लागतात, एकमेकांना लागत नाहीत. मध्ये मी एकटी, जीव नुसता कासावीस होतो.

पूर्वी दार लागलं की आतून कडी वाजायची. यंदाच्या पोंगलपासून ती वाजत नाही. आवाजाच्या बाबतीत माझी चूक व्हायची नाही. पण ती मान खाली घालून मला पिशवीत ठेवते आणि निघून जाते. मला ताल येतो, तिच्याशी बोलता येत नाही. तुमच्यापैकी कुणी तिरुवैयारूच्या बाजूला गेलात, तर माझ्या कामाक्षीला एवढं सांगाल का? दार नुसतं लोटलेलं असतं.