भुशाचं अंथरूण

राजमतीबाईंनी खोक्यातला भुसा दोन्ही हातांनी बाजूला सारला आणि बोटांना काहीतरी गार लागलं. भुसाच ओला झाला असेल असं वाटून त्यांनी तेवढा ओंजळीत उचलला, खिडकीच्या उजेडात धरला. पिल्लू होतं. अंगावर सगळे केस, डोळे उघडे, इवल्या नख्यासुद्धा पुऱ्या झालेल्या; फक्त हालत नव्हतं. खाली आणखी एक होतं. तिसरं आईच्या पोटाला टेकून पडलं होतं आणि आई, चिमी, त्याच्याकडे न बघता भिंतीशी अंग चोरून बसली होती.

रोज झोपेतसुद्धा न अडखळणारा णमोकार मंत्र त्यांच्या ओठांवर आला आणि पहिल्याच पदाशी थांबला.

"आत्या, काय झालं?" आतून सुनेनं विचारलं.

"काही नाही. सुरेखा, तू नको येऊस इकडं. तिथंच थांब."

सुरेखा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबली. तिला सहावा महिना होता. गेल्या वर्षी याच दिवसांत तिचं पहिलं बाळ अवेळी आणि न रडता आलं होतं. ते पाहिलेल्या डोळ्यांना हे दिसू नये म्हणून राजमतीबाईंनी पदराचा आडोसा केला, तिन्ही पिल्लं एका धुवट फडक्यात ठेवली आणि मागच्या परसात कर्दळीच्या बुंध्याशी नेऊन पुरली. हात धुतले, पुन्हा धुतले. ओंजळीतला गारवा काही जाईना.

गिनीपिगांची ही जोडी त्यांच्या भाच्यानं, श्रेणिकनं आणून दिलेली. तो मिरजेला एका दवाखान्यात डॉक्टर होता. तिथं रोगाची परीक्षा करायला हे प्राणी पाळतात आणि परीक्षा झाली की ते जगत नाहीत, हे त्यानं एकदा बोलता बोलता सांगितलं होतं. त्या दिवशी राजमतीबाईंच्या घशाखाली दूध उतरलं नाही. "एवढी दोन तरी सुटू देत रे," त्या म्हणाल्या, आणि ज्येष्ठात तो टोपलीत घालून ही दोघं घेऊन सांगलीला आला.

तेव्हापासून त्यांच्या अंथरुणाचा घोर. जुन्या लुगड्याच्या चिंध्या घातल्या, तर त्या कुरतडून नखांत अडकल्या. उसाचं पाचट घातलं, तर त्याच्या कडांनी पाय कापले. मग कुपवाडहून गवताचा भारा घेऊन येणाऱ्या तानुबाईनं कोवळं, अर्धवट सुकलेलं गवत आणून टाकलं आणि दोघंही त्यात अशी घुसली की नुसती नाकं तेवढी बाहेर. राजमतीबाईंना समाधान वाटलं.

पण दिवेलागण झाली की खोक्यातून आवाज येई. करम्-करम्, करम्-करम्. अंथरूणच खात होती ती.

त्या जैन घरात सूर्य बुडाल्यावर कुणाचं तोंड हालत नसे. राजमतीबाई विधवा झाल्यापासून हा नेम अधिकच कडक झालेला. मुलगा धन्यकुमार गुळाच्या सौद्यातून उठून धावत घरी येई तो त्यासाठीच. त्यात चातुर्मास लागला. चार महिने घरात पालेभाजीचं पान यायचं नाही, आणि इथं आपल्याच छपराखाली दोन जीव रात्री हिरवा पाला चघळतायत. मुके जीव आपल्या आसऱ्याला आलेत, तर त्यांचा नेमही आपणच राखायला नको का? त्यांनी श्रेणिककडून मिरजेच्या सतारवाल्यांच्या कारखान्यातला भुसा मागवला. तो चाळला, पाखडला, त्यात सापडलेला एकेक किडा कागदावर घेऊन परसात सोडला. मऊ, कोरडा, सुवासिक भुसा. खाता न येणारा. दिवसा भिजवलेली डाळ आणि काकडीच्या चकत्या द्यायच्या, आणि ऊन उतरलं की वाटी उचलायची.

"आता गवत नको आणूस," त्यांनी तानुबाईला सांगितलं होतं.

"का वं काकी? मेली का काय उंदरं?"

"उंदीर नव्हेत ते. रात्री खातात म्हणून नको."

तानुबाईनं डोईवरचा भारा सावरला. "मानसाचा उपास ऐकलाय बाई. उंदराचा न्हाई ऐकला," ती म्हणाली, आणि आपल्याच बोलण्यावर हसत पुढच्या घरी गेली.

दुपारी श्रेणिक आला. निरोप मिळताच सायकल काढून निघाला असावा. सदरा पाठीला चिकटला होता.

"भुशालाच ओल लागली बघ," राजमतीबाई त्याला पाणी देण्याआधीच म्हणाल्या. "पावसाची हवा. का त्या लाकडाला उग्र वास होता? दुसरं काय घालू सांग. कापूस घालू? का नदीची वाळू चाळून घेऊ?"

त्यानं चिमीला उचललं. मागच्या पायाचा सांधा दोन बोटांत हलकेच दाबला, तशी ती किंचाळली. त्यानं तिचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या.

"मावशी, हिला खायला काय देता?"

त्यांनी सांगितलं.

"आणि गवत?"

"ते काढलं. आषाढातच. रात्रीचं खायची ना ती. आता आपलं रीतसर झालंय, ऊन आहे तोवर."

श्रेणिकनं चिमीला हलकेच खोक्यात परत ठेवलं.

"भुसा वाईट नव्हता," तो म्हणाला. "पण अंथरूण बदलून आता काही होणार नाही. यांचं गवत हेच अंथरूण आणि गवत हेच जेवण. थोडं थोडं, रात्रंदिवस खाणारी जात आहे ही. हिरवा पाला मिळाला नाही की सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येतं. गाभण असली तर पिल्लं..." तो थांबला. "पिल्लं जगत नाहीत."

राजमतीबाई खाली बसल्या. 

"म्हणजे मी मारली," त्या म्हणाल्या.

"असं कसं म्हणता?"

"मग कसं म्हणू?"

"तुम्हाला कळणार कसं? ती काय बोलून सांगणार आहेत भूक लागली म्हणून?"

 किडा वाचावा म्हणून भुसा पाखडताना दुखलेली मनगटं राजमतीबाईंनी मांडीवर उलटी ठेवली आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. श्रेणिक अर्धा पेला पाणी प्यायला, निघाला. निघताना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे बघून म्हणाला, "वहिनी फार फिकट दिसतात. जेवतात ना नीट?"

"घरात कशाला तोटा आहे?" राजमतीबाई म्हणाल्या. सवयीनं म्हणाल्या. सायकलची घंटा गल्लीच्या टोकाला वाजली तरी त्या तशाच दारात उभ्या होत्या.

गेल्या वर्षी बाळ गेलं तेव्हा त्यांनी मागच्या खोलीच्या ओलीला दोष दिला होता. सुरेखाची खाट पुढच्या खोलीत आणवली होती, नवी गादी भरून घेतली होती, कापूस स्वतः पिंजला होता. तिला हवं नको ते सगळं पाहिलं होतं, असंच त्यांना आजवर वाटत आलं होतं.

त्या स्वयंपाकघरात गेल्या. सुरेखा तांब्या घासत होती.

"सुरेखा, तू संध्याकाळी कधी जेवतेस गं?"

"तुमचं समद्यांचं झाल्यावर."

"म्हणजे कधी?"

"ह्यांचं न् पेढीवरल्या दिवाणजींचं झालं की." तिनं राखेची चिमूट घेतली. ती कुंडलच्या शेतकरी घरातली; लग्नाला तीन वर्षं होऊनही बोलणं माहेरचंच होतं. "सौदं लांबलं की त्यास्नी यायला उशीर हुतो. मग कधी घावतं, कधी न्हाई."

"काय घावतं?"

"ऊन."

चुलीतलं लाकूड थोडं कोसळलं. राजमतीबाईंनी ते पुढे सारलं नाही.

"आणि नाही घावलं तर?"

"मग सकाळी खाते की."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पाणी कुठं ठेवलंय ते सांगावं तसं तिनं सांगितलं. राजमतीबाई रोज सर्वांआधी जेवून बस्तीत, जैन देवळात, आरतीला जात. देवळाची घंटा वाजत असताना घरात काय होतं, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"गेल्या वर्षीसुद्धा?" त्यांनी विचारलं. विचारू नये असं वाटत असताना विचारलं.

सुरेखाचा हात थांबला.

"गेल्या वर्षी ढगच लय हुतं, आत्या. ऊन दिसायचंच न्हाई. सूर्य हाय का गेला, एकटीला कळायचं न्हाई. उगं पाप कशाला, म्हनून ताट झाकून ठेवायची."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं?" ती खरंच न कळून म्हणाली. "घराचा नेम हाय न्हवं त्यो."

उतरत्या उन्हात तानुबाई गल्लीतून जात होती. राजमतीबाईंनी तिला दारातून हाक मारली. गवताचा अख्खा भारा घेतला. खोक्यातला भुसा काढून तिथं गवत पसरलं. नर लगेच पुढं आला. चिमीनं मान वळवली, एक काडी ओढली, आणि फार हळू चावू लागली.

"आणि ती भाऱ्यावरची तांदुळज्याची जुडी," राजमतीबाई म्हणाल्या. "तीही ठेव."

"ती बी उंदरास्नी?"

"नाही. घरात."

"चातुर्मासात, काकी?" तानुबाई आज हसली नाही. त्यांच्या तोंडाकडे बघून तिनं जुडी उंबऱ्यावर ठेवली.

बस्तीची घंटा वाजली तेव्हा राजमतीबाई भाजी चिरत होत्या. चिरली, फोडणीला टाकली, भाकरी थापली. त्या भाजीच्या वासानं सुरेखा दोनदा आत येऊन गेली आणि दोनदा तशीच परत गेली. तिसऱ्या वेळी त्यांनी तिला पाटावर बसवलं. समोर ताट ठेवलं.

"ते आलं न्हाईत अजून," ती म्हणाली.

"येतील."

"दिवाणजी बी हायत संगं."

"त्यांना मी वाढेन. तू जेव."

सुरेखा ताटाकडं बघत बसून राहिली. भाकरीची वाफ कमी कमी होत गेली. खिडकीबाहेर कृष्णेच्या पलीकडचं आभाळ आधी तांबूस, मग राखाडी झालं आणि समोरच्या घरात कुणीतरी कंदील लावला. त्याचा उजेड ताटाच्या काठावर पडला.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "सूर्य गेला."

राजमतीबाईंनी खिडकीकडं तोंड केलं. बराच वेळ बाहेर पाहिलं. मग त्या तिच्यासमोर येऊन बसल्या आणि ताट तिच्याकडे थोडं सरकवलं.

"कुठं गेला?" त्या म्हणाल्या. "मला तर दिसतोय अजून."

सुरेखानं खिडकीकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. आणि भाकरीचा तुकडा मोडला.